भिंतीपलीकडची झुरळं

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात वाघ पहिल्या अनुसूचीत होता आणि कावळा पाचव्या. पाचवी अनुसूची 'उपद्रवी' प्राण्यांची: कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर, घुशी. यांना मारायला कोणाची परवानगी लागत नसे. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि ही यादी गेली. एखाद्या प्राण्याला अमुक भागापुरतं, अमुक काळापुरतं उपद्रवी ठरवायचा केंद्र सरकारचा अधिकार तेवढा राहिला. म्हणजे जवळपास पन्नास वर्षं, दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवावा म्हणून आपण नदीकाठी हात जोडून ताटकळत होतो, आणि ज्याची वाट बघत होतो तो सरकारदरबारी उंदरांच्या रांगेत बसलेला होता.

यात सरकारला हसण्यासारखं फार काही नाही. आपल्या घरातल्या याद्या याहून चमत्कारिक असतात. चिमणीने ट्यूबलाइटच्या पट्टीवर घरटं केलं तर पंखा बंद ठेवायचा, आणि कबुतराने बाल्कनीत केलं तर जाळी बसवायची. मुंग्यांना साखर घालायची ती झाडाखाली. ओट्यावर आल्या तर त्याच मुंग्यांभोवती खडूने लक्ष्मणरेषा मारायची. प्राणी तोच असतो. पत्ता बदलला की त्याचा गुन्हा ठरतो.

'पेस्ट' या इंग्रजी शब्दाला मराठीत नेमका शब्द नाही, हे मला अलीकडे लक्षात आलं. कीड पिकाला लागते, धान्याला लागते, दाताला लागते. घरातल्या नकोशा जिवांचं काम आपण क्रियापदांवर भागवतो, आणि ती क्रियापदं बघण्यासारखी आहेत. झुरळं 'होतात'. ढेकूण होतात, उवा होतात, तांदळाला सोंडे होतात. साप 'निघतो'. वाघ 'येतो'. जे होतं ते घराचंच काहीतरी असतं, अंगावर पुरळ उठावं तसं. जो निघतो तो आधीपासून तिथे होता, आपल्याला आत्ता दिसला. आणि जो येतो तो बाहेरचा. कोणाला मारावं, कोणाला हाकलावं आणि कोणासाठी फोन करावा, याचं अर्धं उत्तर या तीन क्रियापदांत आहे. उरलेलं अर्धं अवघड आहे, आणि माझ्या मते ते घराच्या भिंतीपाशी संपत नाही.

चंद्रपूरचा आहे असं सांगितलं की पुण्यात पहिला प्रश्न वाघाचा येतो. आमच्या घरात भीती वाघाची नव्हती, मण्यारीची होती. मण्यार रात्री फिरते. उंदीर, पाली, बेडूक आणि दुसरे साप खाते. ती चावते तेव्हा बऱ्याचदा दुखत नाही, सूज येत नाही. खाली चटईवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो, मग पापण्या जड होतात, मग श्वास. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला आहे. वर्षाला ५८ हजार. यात खेड्यातली, मातीच्या घरातली, जमिनीवर झोपणारी माणसं जास्त.

आता याच घरांमध्ये कवड्या नावाचा एक साप निघतो. बिनविषारी. भिंतीवरच्या पालींच्या मागे येतो, आणि अंगावर पट्टे असल्यामुळे मण्यार समजून मारला जातो. मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक आणि जोडीजोडीने असतात, डोक्याकडे पुसट होत जातात आणि शेपटीकडे ठळक असतात. कवड्याचं उलट: मानेपासून पट्टे ठळक आणि शेपटीकडे विरत गेलेले. सिंदेवाहीची माझी मोठी आई एवढ्यावरून काठी उचललेल्या माणसाला थांबवायची. "मारतेस काहून? कवड्या होय तो." तिचं अक्षरज्ञान सहीपुरतं होतं. (हे वाचून कोणी शेपटीकडून पट्टे मोजायला जाऊ नये. अंधारात, घाबरलेल्या माणसाला, पळणाऱ्या सापावर हा फरक दिसत नाही. सर्पमित्राचा नंबर फोनमध्ये ठेवणं जास्त कामाचं.)

सॉफ्टवेअरच्या धंद्यात आम्ही याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतो: जे धोक्याचं नव्हतं ते धोक्याचं म्हणून अडवलं. आणि धोक्याचं होतं ते सुटलं तर फॉल्स निगेटिव्ह. दोन्हींची किंमत सारखी नसते, म्हणून कुठली चूक जास्त परवडेल ते आधी ठरवावं लागतं. सापाच्या बाबतीत माणसाने हजारो वर्षांपूर्वीच ठरवलं: शंभर कवडे मेले तरी चालतील, एक मण्यार सुटता कामा नये. हा हिशेब मला अनैतिक वाटत नाही. ज्याच्या घरात तीन वर्षांचं मूल खाली झोपतं त्याला मी अहिंसा शिकवायला जाणार नाही. पण मोठ्या आईने जे केलं त्याने दोन्ही चुका एकदम कमी झाल्या. मारायचं की नाही यावर ती वाद घालत नव्हती. कोण आहे ते बघत होती. नीट ओळखणं हेच बहुधा या सगळ्यातलं पहिलं नैतिक काम आहे, आणि आपण ते टाळतो, कारण त्यासाठी किळस वाटणाऱ्या गोष्टीकडे टक लावून बघावं लागतं.

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये किळसच राज्य करते. माझ्या स्वयंपाकघरातलं झुरळ म्हणजे लहान, तपकिरी, मानेमागे दोन काळसर रेघा असलेलं. त्याचं नाव जर्मन झुरळ. लिनियसने १७६७ साली युरोपातल्या नमुन्यांवरून हे नाव ठेवलं आणि जर्मनांच्या माथी बसलं. २०२४ साली जनुकीय अभ्यासातून कळलं की हा प्राणी सुमारे २,१०० वर्षांपूर्वी आपल्याच बाजूला, भारत किंवा म्यानमारच्या भागात, रानातल्या एका झुरळापासून वेगळा झाला आणि माणसाच्या घरात राहायला आला. तेव्हापासून तो घरातच आहे. जंगलात जर्मन झुरळ राहत नाही. म्हणजे मण्यारीला पकडून ताडोब्याच्या बाजूला सोडता येईल. याला सोडायचं कुठे? याचं जंगल म्हणजे माझा गॅसचा ओटा. 'होतात' हे क्रियापद इथे अगदी बरोबर बसतं.

पण त्याचं जंगल माझ्या एकट्याच्या ओट्यापुरतं नसतं. सिंकखालचा पाइप, डक्ट, वरच्या आणि खालच्या मजल्यावरची स्वयंपाकघरं, हे सगळं त्याच्या दृष्टीने सलग आहे. आमच्या सोसायटीत वर्षाला तीन फवारण्यांचा करार प्रत्येक जण आपापल्या फ्लॅटपुरता करतो. ४०२ मध्ये फवारणी झाली की दोन दिवसांनी ३०२ मधून ग्रुपवर मेसेज येतो: अचानक खूप झुरळं झालीत, कोणी चांगला पेस्ट कंट्रोलवाला सुचवेल का? मग ३०२ वाले फवारतात. मग ४०२ चा मेसेज. हे वर्षभर चालतं. झुरळं मरतात थोडी, फिरतात जास्त. यात कोणी वाईट नाही. प्रत्येकाने आपल्या घरापुरतं योग्य तेच केलं आहे.

या फवारणीला येणारा पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा होता. तोंडाला रुमाल, हातात काहीच नाही. दिवसाला आठ-दहा फ्लॅट करतो म्हणाला. आम्हाला त्याने चार तास बाहेर थांबायला सांगितलं आणि स्वतः आत राहिला. २०१७ साली यवतमाळमध्ये कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने मेले तेव्हा आपण सगळे हळहळलो होतो. ती फवारणी शेतात होती, दिसत होती. घरात विष वापरतो तेव्हा असं कुणी आपल्याला दिसत नाही, कारण आपण चार तास बाहेर गेलेलो असतो. सल्फासची गोळी त्याहून वाईट. ती धान्याच्या गोदामासाठी आहे. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो, आणि त्यावर उतारा नाही. ढेकणांसाठी कोणी बंद खोलीत ती ठेवली आणि भिंतीपलीकडच्या घरात झोपलेलं माणूस गेलं, अशा बातम्या अधूनमधून येत असतात. ज्याच्या घरात ढेकूण नव्हतेच तो मेला.

उंदराच्या विषाबद्दल एक वेगळीच गोष्ट सांगायची आहे. बाजारातल्या बऱ्याच औषधांनी उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस आतून रक्तस्राव होऊन मरतो. हा उशीर मुद्दाम ठेवलेला असतो. लगेच मेला तर बाकीचे उंदीर ते खाणं टाळतात. उशिरा मेला तर मरणाचा आणि खाण्याचा संबंध त्यांना लागत नाही. म्हणजे त्याला होणारा त्रास ही औषधाची उणीव नाही, औषध चालतं ते त्यामुळेच. आणि त्या चार-पाच दिवसांत सुस्त झालेला उंदीर घुबडाला आयता सापडतो, विष तिकडे जातं. मला उंदरांबद्दल प्रेम नाही. सिंदेवाहीच्या भागात धानाची कणगी उंदरांपासून वाचवणं म्हणजे काय ते मी बघितलेलं आहे. पण कणगी जमिनीपासून उचलून ठेवणं, भिंतीतली भोकं बुजवणं, सांडलेले दाणे रोज झाडणं, मांजर पाळणं, पिंजरा लावणं ही कामं कंटाळवाणी आहेत आणि रोजची आहेत. विषाची पुडी दहा-वीस रुपयांत ही कामं वाचवते. तेवढ्या कामाची किंमत मग दुसरं कोणीतरी भरतं.

शेतीशास्त्रात एक संकल्पना आहे, आर्थिक नुकसानीची पातळी. १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या चार कीटकशास्त्रज्ञांनी ती मांडली. शेतात कीड दिसली म्हणून फवारायचं नाही. मोजायचं, आणि कीड जेवढं नुकसान करणार ते फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त होणार असेल तरच फवारायचं. थोडी कीड राहू द्यायची, कारण तिच्यावर तिचे शत्रू जगतात. कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत हे आता रुळलेलं आहे. घरासाठी मात्र अशी पातळी कोणी सांगत नाही. घरात ती शून्य असते. एक झुरळ दिसलं की फोन. ही शून्याची अपेक्षा कुठून आली याचा विचार केला तर मला वाटतं ती फ्लॅटसोबत आली. ज्या घराला फटी असतात, ज्याचं छप्पर कवेलूचं असतं, अंगणात गोठा असतो, तिथे शून्य शक्यच नसतं. तिथला माणूस याद्या करतो: हा चालेल, हा नको, हा दिसला तर पोरांना उचला.

पण एवढ्यावरून जंगलातल्या घरांबद्दल हळवं व्हायची घाई नको. शहरातली माणसं गडचिरोलीबद्दल लिहिताना सहजीवन हा शब्द फार सढळ वापरतात. गडचिरोलीत डास म्हणजे हिवताप, आणि महाराष्ट्रातल्या हिवतापाचा मोठा वाटा वर्षानुवर्षं या एका जिल्ह्यातून येतो. भामरागड, एटापल्ली, धानोरा. त्यातही फाल्सिपेरम, जो मेंदूत जाऊन दोन दिवसांत मूल नेतो. त्यामुळे माझ्या ओट्यावरचं झुरळ आणि भामरागडच्या भिंतीवरचा डास एकाच 'घरगुती कीटक' मथळ्याखाली टाकणंच चूक आहे. एकाला मी मारतो कारण तो घाणेरडा वाटतो. दुसऱ्याला मारायचं कारण वेगळं आहे.

सगळे डासही सारखे नाहीत. चंद्रपूरला उन्हाळ्यात ४७ अंश होतं, घरोघरी कूलर असतो, आणि कूलरच्या टाकीत वाढणारा डास एडिस: पायांवर पांढरे पट्टे, दिवसा चावतो, डेंगी पसरवतो. त्याला मारायचं तर आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासायची, विषाची गरज नाही. गटारात वाढतो तो क्युलेक्स. हिवतापाचा ॲनॉफिलीस भिंतीवर बसतो तेव्हा ढुंगण वर करून तिरका बसतो. तो ओढ्याच्या, धानाच्या बांधीतल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अख्खा ओढा घासता येत नाही. म्हणून मग फवारणी.

आणि इथे माझ्या सोसायटीच्या बरोबर उलटं घडतं. घराच्या आतल्या भिंतींवर जे औषध मारतात, पूर्वी डीडीटी आणि नंतर पायरेथ्रॉइड गटातली औषधं, त्याने डास चावायचा थांबतोच असं नाही. मादी रक्त पिते, जड होते आणि जवळच्या भिंतीवर टेकते. तिथे औषध असेल तर मरते. पण चावून झालेलं असतं. तिच्या पोटात गेलेला हिवतापाचा परजीवी दुसऱ्याला देण्याजोगा व्हायला दहाएक दिवस लागतात, आणि ती त्याआधी मरते एवढाच फवारणीचा फायदा. म्हणजे माझ्या घरातली भिंत फवारली तर वाचतो तो शेजारी. शेजाऱ्याची भिंत फवारली तर वाचतो मी. गावातली बहुतेक घरं फवारली गेली तरच कोणीतरी वाचतं. निम्म्या घरांनी नाही म्हटलं तर उरलेल्या निम्म्यांची फवारणी बरीचशी वाया.

आता त्या घरातल्या बाईच्या जागेवरून बघा. फवारणी पथक येणार म्हणून भांडी, धान्य, अंथरुणं, कोंबड्या सगळं अंगणात काढायचं. पावसाळ्याच्या तोंडाशी, रोवणीच्या धांदलीत. परकी माणसं आतल्या खोलीत जाणार, जिथे धान्य असतं, जिथे देवाची जागा असते. औषधाला वास, भिंतींवर डाग. ढेकूण मरावेत ही एक आशा असते, पण डीडीटीला दाद न देणारे ढेकूण १९४७ सालीच हवाईतल्या नाविक बराकींमध्ये सापडले होते आणि पुढे जगभर झाले. म्हणजे जो कीटक तिला रात्रभर जागवतो त्याला काही होत नाही, आणि ज्याला होतं त्याचा फायदा दहा दिवसांनी, दुसऱ्याच्या पोराला, आणि तोही न दिसणारा, कारण न झालेला ताप कोणाला दिसणार? वर सांगायचं की भिंत आता दोन-अडीच महिने सारवू नका. सणाला भिंत सारवणं म्हणजे घर स्वच्छ करणं, ही तिची व्याख्या. सारवलं की औषध मातीखाली जातं, ही आरोग्य खात्याची अडचण.

ती नको म्हणाली तर? जबरदस्ती करावी का?

आपल्याकडे हे एकदा करून झालेलं आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सैनिकांनी घरांत शिरून झडत्या घेतल्या, देवघरांत गेले, सामान बाहेर काढून जाळलं, माणसांना उचलून छावण्यांत नेलं. २२ जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या तो इतिहास शाळेत आपण शिकतो. शाळेत जे सांगत नाहीत ते हे की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे तोवर कोणालाच पक्कं माहीत नव्हतं. पॉल-लुई सिमाँने कराचीत ते दाखवलं १८९८ साली, म्हणजे दुसऱ्या वर्षी, आणि त्यावर लोकांनी विश्वास ठेवायला आणखी काही वर्षं गेली. झडती माणसांची घेतली जात होती आणि पिसवा उंदरांवर होत्या. ओळख चुकली की हिंसा भलत्याच जिवावर जाते, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. कवड्या साप मारला जातो ती याच चुकीची छोटी आवृत्ती. पण समजा, सिमाँचं संशोधन दोन वर्षं आधी झालं असतं आणि सैनिक उंदरांसाठी घरात शिरले असते. तर ते बरोबर ठरलं असतं का? मला वाटतं, कमी चुकलं असतं, तरी चुकलंच असतं. शास्त्र बरोबर असणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरायचा परवाना नाही.

इथे गांधींचं एक जुनं भांडण आठवतं. १९२६ साली अहमदाबादेत अंबालाल साराभाईंनी गिरणीच्या आवारातली साठेक भटकी कुत्री मारवली. पिसाळण्याची भीती होती. जैन आणि वैष्णव मंडळी खवळली आणि गांधींकडे गेली. गांधींनी साराभाईंची बाजू घेतली. पण गंमत त्यांच्या कारणात आहे. कुत्री मारणं ही हिंसाच, तिला दुसरं गोड नाव देऊ नका, असं ते म्हणत होते. पण ती हिंसा सुरू होते रस्त्यावर पोळी टाकून निघून जाणाऱ्या दयाळू माणसापासून. पाळायचं नाही, जबाबदारी घ्यायची नाही, फक्त खायला घालून पुण्य घ्यायचं, आणि मग कोणीतरी मारायला लागलं की त्याला पापी म्हणायचं. यावर 'यंग इंडिया'त आठवडेच्या आठवडे पत्रं येत राहिली. हेच गांधी पुढे आमच्या बाजूला, वर्ध्याजवळ सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले आणि १९३६ साली तिथे हिवतापाने आजारी पडले. आश्रमात साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा आजही बघायला मिळतो. साप निघाला की धरायचा आणि दूर सोडायचा. मारणं पूर्ण टळत नाही हे मान्य असलेल्या माणसाने चिमटा करून घेतला होता, ही गोष्ट मला त्यांच्या लेखांइतकीच महत्त्वाची वाटते.

गांधींचा मुद्दा घराला लावला तर तो असा होतो की मारण्याचा क्षण हा शेवटचा टप्पा आहे. त्याआधी उघडा डबा असतो, साचलेलं पाणी असतं, न बुजवलेलं भोक असतं. पण मला तो अजून थोडा पुढे न्यावासा वाटतो. डबा माझा असेल. ओढा माझा एकट्याचा नाही. डक्ट माझी एकट्याची नाही. आपण सगळे उपाय 'घरगुती' म्हणून शोधतो, आणि त्या जिवांसाठी घर ही हद्दच नसते. म्हणून घर हे एककच चुकतं. एका घराने विष मारायचं ठरवलं तरी ते शेजाऱ्यावर पडतं, आणि एका घराने नाही ठरवलं तरी तेही शेजाऱ्यावर पडतं.

मग ठरवायचं कोणी? माझ्या सोसायटीत याचं उत्तर साधं आहे आणि कोणी ते करत नाही: सगळ्या मजल्यांवर एकाच दिवशी, डक्टसकट, फवाऱ्याऐवजी जेल, आणि लावणाऱ्या पोराला हातमोजे. (जेलही कायमचं नसतं. गोड आमिषातलं ग्लुकोज कडू लागणारी झुरळं शास्त्रज्ञांना १९९३ सालीच सापडली आहेत. त्यांच्या दोन हजार वर्षांच्या अनुभवापुढे आपला करार वर्षाचा.) मी ग्रुपवर हे मांडलं तेव्हा तीन अंगठे आले आणि कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकलं.

गडचिरोलीत मात्र ठरवायची जागा आधीच आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला बरेच अधिकार दिले, आणि धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने तर त्याच्याही आधीपासून सगळे निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायची पद्धत ठेवली. २००९ साली त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू कधी तोडायचा, कोणी तोडायचा, हे जे गाव ठरवू शकतं त्याला फवारणीची तारीख, आधी सारवायचं की आधी फवारायचं, देवाच्या जागेत गावातल्याच कोणाच्या हातून औषध मारायचं का, हे ठरवता येणार नाही असं मला वाटत नाही. एकेका बाईला दारात गाठून 'हो की नाही' विचारणं म्हणजे तिच्या शेजाऱ्याच्या पोराचं ओझं तिच्या एकटीच्या उत्तरावर टाकणं. ग्रामसभेत तो शेजारीही बसलेला असतो.

एक शंका मात्र राहतेच. ग्रामसभा घरं मोजते. माडिया गावांमध्ये पाळीच्या दिवसांत बायका गावकडेच्या कुरमाघरात झोपतात. लहानशी झोपडी, बऱ्याचदा दाराची झडपही धड नसलेली. तिथे झोपलेल्या बाईला साप चावल्याच्या घटना झालेल्या आहेत. ते घर कोणाच्या यादीत येतं? सर्वसहमती झाली तरी ती कोणाकोणाची झाली हे बघावंच लागेल, आणि त्या बैठकीत कुरमाघरात झोपणारी बाई बोलली का, हेही.

या सगळ्यात एक वस्तू मला फार आवडते, ती म्हणजे मच्छरदाणी. सरकार वाटतं त्या मच्छरदाणीच्या धाग्यातच औषध असतं, म्हणजे ती पूर्ण अहिंसक नाही. पण तिची मर्यादा स्वच्छ आहे: जो आत यायचा प्रयत्न करतो त्याच्यापुरतीच ती आहे. आणि कडा गादीखाली नीट खोचल्या तर ती मण्यारीलाही अडवते. नेपाळच्या तराईत सर्पदंशाचा अभ्यास झाला तेव्हा मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना साप कमी चावतात असं दिसलं. एका कापडाने डास आणि साप दोन्ही बाहेर, कवड्या सुखरूप, घुबडाला काही नाही, शेजाऱ्याला काही नाही.

गेल्या मे महिन्यात मी हे सगळं उत्साहाने मोठ्या आईला सांगितलं. रात्रीचे दहा वाजले होते, भिंती अजून तापलेल्या होत्या, वीज गेलेली होती आणि तिने खाट अंगणात काढली होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"बराबर हाय बाबू," ती म्हणाली. "आता ह्या गर्मीत त्या मच्छरदानीत तू झोपून दाखव."